नाकातील औषधी फवाऱ्यांचे सूक्ष्मदर्शकीय परीक्षण

नाकातील औषधी फवाऱ्यांचे सूक्ष्मदर्शकीय परीक्षण म्हणजे नाकात मारावयाच्या द्रवरूप औषधाचा थेंब काचपट्टीवर घेऊन त्यातील कण, स्फटिक, तंतू, हवेचे बुडबुडे आणि क्वचित सूक्ष्मजीव यांचे सूक्ष्मदर्शकाखाली केलेले निरीक्षण होय. औषधनिर्मिती उद्योगात हे परीक्षण गुणवत्ता-नियंत्रणाचा एक भाग आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणारे फवारे स्वस्त आणि सहज उपलब्ध असल्यामुळे महाविद्यालयीन विद्यार्थी व हौशी अभ्यासकही ते करून पाहतात.

साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकातून कणाचा आकार, आकारमान, हालचाल आणि ध्रुवीकृत प्रकाशातील वर्तन कळते. तो कण कोणत्या पदार्थाचा आहे हे मात्र बहुधा कळत नाही. कण दिसणे आणि कण ओळखणे यांतील हे अंतर लक्षात न घेतल्यास दोन्ही बाजूंनी चूक होते. निरुपद्रवी सेल्युलोजचा तुकडा पाहून माणूस घाबरतो, आणि खरोखर दूषित असलेली बाटली ‘स्वच्छ’ दिसल्यामुळे निर्धास्तपणे वापरली जाते.

फवाऱ्यांचे दोन वर्ग

परीक्षणाच्या दृष्टीने फवाऱ्यांचे द्रावणे आणि निलंबने असे दोन वर्ग पडतात. मिठाच्या पाण्याचे फवारे (बहुधा ०.६५ किंवा ०.९ टक्के सोडियम क्लोराइड) आणि चोंदलेले नाक मोकळे करणारी ऑक्सिमेटाझोलिन व झायलोमेटाझोलिन ही औषधे पहिल्या वर्गात येतात. त्यांतील औषध पाण्यात पूर्णपणे विरघळलेले असते. दुसऱ्या वर्गात ॲलर्जीजन्य सर्दीवर वापरले जाणारे फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड, ट्रायमसिनोलोन हे स्टिरॉइड येतात. ही औषधे पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, म्हणून त्यांची अतिसूक्ष्म पूड पाण्यात तरंगत ठेवलेली असते. बाटलीवर ‘वापरण्यापूर्वी हलवा’ असे लिहिलेले असते ते याच कारणासाठी.

अमेरिकेत ट्रायमसिनोलोनच्या फवाऱ्यास २०१३ मध्ये आणि फ्लुटिकासोनच्या फवाऱ्यास २०१४ मध्ये चिठ्ठीविना विक्रीची परवानगी मिळाली. तोवर तेथील चिठ्ठीविना मिळणारे फवारे प्रामुख्याने द्रावणेच होती. भारतात स्टिरॉइडचे फवारे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यावयाच्या औषधांत मोडतात.

नमुना घेण्याची रीत

नवी बाटली प्रथम काही वेळा हवेत दाबून पंप भरून घेतात. त्यानंतरचा फवारा थेट काचपट्टीवर न मारता स्वच्छ काचेच्या लहान भांड्यात घेतात आणि त्यातील सुमारे १० मायक्रोलिटर द्रव काचपट्टीवर ठेवून त्यावर आच्छादन-काच अलगद टेकवतात. २२ मिलिमीटर बाजूच्या चौरस आच्छादन-काचेखाली हा द्रव पसरला की त्याच्या थराची जाडी सुमारे २० मायक्रोमीटर होते (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). फवारा थेट काचेवर मारला तर थेंब वेगवेगळ्या गतीने वाळतात, आणि जे दिसते ते औषधाचे चित्र नसून वाळण्याचे चित्र असते.

घरगुती प्रयोगांत हमखास गाळली जाणारी पायरी म्हणजे तुलनेचा नमुना. त्याच खोक्यातील, त्याच रीतीने पुसलेल्या काचपट्टीवर ऊर्ध्वपातित पाण्याचा थेंब घेऊन तोही तितकाच वेळ पाहावा लागतो. फवाऱ्यात दिसलेला तंतू या पाण्यातही दिसला, तर तो फवाऱ्यातून आला असे म्हणता येत नाही. तुलनेच्या नमुन्यावाचून काढलेल्या छायाचित्राला पुरावा म्हणून फारसे मोल नाही, मग ते कितीही सुस्पष्ट असो.

द्रावणाचे निरीक्षण

मिठाच्या पाण्याचा ताजा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ रिकामा दिसतो. मीठ आयनांच्या रूपात विरघळलेले असते आणि कोणत्याही प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाला ते दिसणे शक्य नाही. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, प्रकाशाच्या तरंगलांबीमुळे सूक्ष्मदर्शकाच्या पृथक्करणक्षमतेला मर्यादा पडते. तेलात बुडवून वापरावयाच्या उत्तम वस्तुभिंगानेही सुमारे ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. नेत्रिका बदलून प्रतिमा आणखी मोठी करता येते, पण तिच्यात नवा तपशील येत नाही.

थेंब वाळू लागला की दृश्य पालटते. ०.१ मिलिलिटरच्या एका फवाऱ्यात ०.६५ टक्के प्रमाणाने ०.६५ मिलिग्रॅम मीठ असते. पाणी उडून गेल्यावर ते थेंबाच्या कडेला चौकोनी स्फटिकांच्या रूपात जमते. काही स्फटिकांच्या पृष्ठभागावर पायऱ्यापायऱ्यांचे खळगे दिसतात. द्रवात लांब साखळीचे रेणू किंवा प्रथिने असतील, तर मीठ चौकोनी न वाढता नेच्याच्या पानासारखे फाटे फोडत वाढते. फवाऱ्यातील फॉस्फेटचे क्षारही वाळताना सुया व पिसांसारखे आकार घेतात. काटकोनात वळणाऱ्या सरळ रेषा आणि समान अंतरावरील फाटे पाहून ही मुद्दाम घडवलेली रचना असावी असा ग्रह होतो. तो दूर करण्यास एक थेंब पाणी पुरते. विरघळून पुन्हा वाळल्यावर तेच क्षार दुसऱ्या जागी, दुसऱ्या मांडणीत स्फटिकरूप घेतात.

निलंबनाचे निरीक्षण

स्टिरॉइडच्या फवाऱ्याचा थेंब मुळातच दुधाळ असतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो कणांनी गच्च भरलेला दिसतो. त्यात किमान दोन प्रकारचे कण असतात. पहिला प्रकार औषधाचा. हे कण बहुतेक काही मायक्रोमीटरचे, कोनदार आणि अनियमित असतात. दुसरा प्रकार सूक्ष्मस्फटिकी सेल्युलोजचा. लाकडाच्या लगद्यापासून केलेला हा पदार्थ सोडियम कार्बोक्सिमिथिल सेल्युलोजसह निलंबनात घातलेला असतो. त्याचे कण काडीसारखे किंवा ओबडधोबड तुकड्यांसारखे, काही औषधाच्या कणांएवढे तर काही त्यांच्या कित्येक पट मोठे दिसतात. चिठ्ठीविना मिळणाऱ्या फ्लुटिकासोनच्या फवाऱ्यांच्या घटकसूचीत तो सामान्यतः नोंदवलेला असतो, तेव्हा तेथे काड्या दिसणे अपेक्षितच आहे.

सेल्युलोज घालण्यामागे कारण आहे. बाटली स्थिर असताना त्याचे जाळे तयार होऊन द्रव दाट होतो आणि औषधाचे कण तळाशी बसत नाहीत. बाटली हलवली की जाळे मोडते, द्रव पातळ होतो आणि पंपातून सहज बाहेर पडतो. नाकात गेल्यावर तो पुन्हा काहीसा दाट होत असल्याने लगेच ओघळत नाही. घरातील टोमॅटोचा सॉस असाच वागतो.

एका फवाऱ्यात किती कण असावेत याचा अंदाज साध्या हिशेबाने करता येतो. फ्लुटिकासोनच्या एका फवाऱ्यात ५० मायक्रोग्रॅम औषध असते. प्रत्येक कण २ मायक्रोमीटर व्यासाचा गोल आणि घनता पाण्याच्या १.३ पट असे धरल्यास एका कणाचे वस्तुमान सुमारे ५.५ पिकोग्रॅम येते, म्हणजे एका फवाऱ्यात सुमारे ९० लाख कण होतात. कणांचा व्यास दुप्पट धरला तर ही संख्या आठव्या हिश्शावर येते. ‘फवाऱ्यात कण सापडले’ या विधानात म्हणूनच नवल काही नाही. स्टिरॉइडच्या फवाऱ्यात कण सापडले नसते, तर ती तक्रार करण्याजोगी गोष्ट ठरली असती.

ध्रुवीकृत प्रकाशातील परीक्षण हे या कामातील सर्वांत स्वस्त आणि उपयुक्त साधन आहे. ध्रुवक पटलाचे दोन तुकडे, एक नमुन्याच्या खाली आणि एक वर, परस्परांना काटकोनात ठेवले की क्षेत्र काळे होते. ज्या पदार्थात प्रकाशाचे द्विअपवर्तन होते, तेच या काळोखात उजळतात. मिठाचे स्फटिक घनाकृती जालकाचे असल्याने काळेच राहतात. काच आणि हवेचे बुडबुडेही उजळत नाहीत, फार तर त्यांच्या कडा किंचित चमकतात. सेल्युलोज आणि स्टिरॉइडचे स्फटिक मात्र दोन्ही उजळतात. म्हणजे या युक्तीने मीठ व बुडबुडे बाजूला काढता येतात, पण औषध कोणते आणि सेल्युलोज कोणते हे ठरत नाही. तो प्रश्न पुढे उद्योगालाही अडला.

कणांची हालचाल

निलंबन पाहणाऱ्याला सर्वाधिक चकवते ती कणांची अखंड थरथर. लहान कण जागच्या जागी हलतात, मध्येच एका बाजूला सरकतात, पुन्हा परततात आणि कधीच थांबत नाहीत. ते जिवंत असल्याचा भास होतो.

स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांना १८२७ मध्ये हाच अनुभव आला. क्लार्किया पुल्चेला या वनस्पतीच्या परागकणांतून बाहेर पडलेले सूक्ष्म कण पाण्यात हलताना पाहून त्यांना प्रथम ते परागाच्या सजीवपणाचे लक्षण वाटले. मग त्यांनी वाळलेल्या जुन्या वनस्पतींचे कण तपासले; तेही हलत होते. काचेची पूड, निरनिराळे खडक, इतकेच नव्हे तर इजिप्तमधील स्फिंक्सचा एक तुकडाही त्यांनी कुटून पाण्यात टाकला. सर्वांची पूड तशीच हलली. हालचाल सजीवपणामुळे नाही, एवढे यावरून ठरले. तिचे कारण १९०५ मध्ये अल्बर्ट आइनस्टाइन यांनी गणिताने मांडले: पाण्याचे रेणू सर्व बाजूंनी कणावर आदळत असतात आणि त्यांचे धक्के क्षणोक्षणी समतोल नसतात. फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ पेरँ यांनी प्रयोगांनी त्यास पुष्टी दिली; त्यांना १९२६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या हालचालीस ब्राऊनीय गती म्हणतात.

नाकाच्या फवाऱ्यात ही गती उत्तम दिसते. एक मायक्रोमीटर व्यासाचा कण पाण्यात एका सेकंदात कोणत्याही एका दिशेने साधारणपणे एक मायक्रोमीटर सरकतो; पाच मायक्रोमीटरचा कण त्याच्या निम्म्याहून कमी. मूळ फवाऱ्यात सेल्युलोजचे जाळे असल्याने थरथर मंद असते. त्याच थेंबात पाणी मिसळून तो पातळ केला की ती स्पष्टपणे वाढते. वर्गात करून दाखवण्यास हा प्रयोग फार सोयीचा आहे.

थरथरीखेरीज आणखी दोन हालचाली दिसतात. आच्छादन-काचेच्या कडेने पाणी उडत असल्यामुळे द्रवात प्रवाह निर्माण होतात; त्यांत जवळपासचे सगळे कण मिळून एकाच दिशेला वाहतात. तिसरी हालचाल खऱ्या जीवाणूंची. कशाभिका असलेला जीवाणू सेकंदाला काही दशक मायक्रोमीटर वेगाने पोहतो, दिशा बदलतो, आणि शेजारचा कण जागीच थरथरत असताना त्याला ओलांडून जातो. वेग आणि शेजाऱ्यांशी केलेली तुलना या दोन खुणांवरून तिन्ही हालचाली बऱ्याच अंशी वेगळ्या ओळखता येतात.

बाहेरून आलेले कण

काचपट्टीवर सापडणाऱ्या अनेक वस्तूंचा बाटलीशी काहीच संबंध नसतो. सुती कपड्याचा तंतू चपटा आणि पीळ असलेला असतो. कृत्रिम धाग्याचा तंतू सरळ, एकसारख्या जाडीचा आणि ध्रुवीकृत प्रकाशात रंगीत दिसतो. पुडीच्या हातमोज्यांवरील स्टार्चचे दाणे ध्रुवीकृत प्रकाशात उजळून त्यांच्यावर काळी फुली दिसते. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. हवेच्या बुडबुड्याला जाड काळी कड आणि मध्यभागी लख्ख प्रकाश असतो, आणि नवख्या निरीक्षकाला तो हमखास ‘पेशी’ वाटतो. याशिवाय परागकण, त्वचेचे पापुद्रे, काचेचे ओरखडे आणि नेत्रिकेवरची धूळ हेही दिसते. नेत्रिका फिरवल्यावर डाग सोबत फिरला, तर तो नमुन्यात नाही हे उघड आहे.

कोविड-१९ च्या साथीत मुखपट्ट्या आणि नाकातील नमुना घेण्याच्या कांड्या यांची अशीच छायाचित्रे समाजमाध्यमांवर पसरली आणि त्यांतील हलणारे तंतू म्हणजे जंत असल्याचे सांगितले गेले. ते कापडाचे तंतू होते. ओलावा, हवेची झुळूक आणि स्थिर विद्युतभार यांमुळे सुटा तंतू वळवळल्यासारखा हलतो.

जंतुदोष आणि सूक्ष्मदर्शकाची मर्यादा

वरील सर्व दृश्ये निरुपद्रवी आहेत. याउलट ज्याची खरी काळजी करावी, ते बहुधा दिसत नाही.

नाकात वापरावयाच्या औषधांसाठी अमेरिकी औषधसंहितेने घातलेली मर्यादा अशी: एका मिलिलिटरमध्ये एकूण वायुजीवी जीवाणू साधारण १०० पर्यंत, किण्व व बुरशी १० पर्यंत, आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस व स्यूडोमोनास एरुजिनोसा हे दोन जीवाणू एका मिलिलिटरमध्ये मुळीच नसावेत. आता सूक्ष्मदर्शकाचा हिशेब पाहावा. १०० पट मोठे करणाऱ्या वस्तुभिंगाखाली दिसणारे क्षेत्र सुमारे ०.१८ मिलिमीटर व्यासाचे असते. थराची जाडी २० मायक्रोमीटर धरल्यास एका वेळी सुमारे ०.०००५ घन मिलिमीटर द्रव नजरेखाली येतो. मिलिलिटरमध्ये २० लाख जीवाणू असतील, तेव्हा कोठे एका क्षेत्रात सरासरी एक दिसेल. मर्यादेइतके, म्हणजे १०० जीवाणू असतील, तर एक जीवाणू दिसण्यासाठी सरासरी २० हजार क्षेत्रे तपासावी लागतील. शिवाय न रंगवलेला जीवाणू पाण्यात जवळजवळ पारदर्शक असतो आणि निलंबनातील लाखो कणांच्या गर्दीत तो शोधणे अधिकच दुरापास्त. म्हणून जंतुदोषाची तपासणी संवर्धन-माध्यमावर जीवाणू वाढवूनच केली जाते.

हा धोका केवळ कल्पनेतला नाही. २००४ मध्ये अमेरिकेत ऑक्सिमेटाझोलिनचा एक फवारा बर्कहोल्डेरिया सेपेशिया गटातील जीवाणूंनी दूषित आढळल्याने बाजारातून परत मागवण्यात आला. २०१८ मध्ये ऑक्सिमेटाझोलिनच्याच दुसऱ्या एका फवाऱ्यात स्यूडोमोनास एरुजिनोसा सापडल्याने तोही परत घ्यावा लागला. बर्कहोल्डेरिया गटातील काही जीवाणू बेन्झाल्कोनियम क्लोराइड या नेहमीच्या परिरक्षकालाही दाद देत नाहीत. निरोगी माणसाला त्यांचा उपद्रव सहसा होत नाही. सिस्टिक फायब्रोसिसच्या किंवा प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णाला मात्र ते जीवघेणे ठरू शकतात. कारखान्यातून निर्दोष निघालेली बाटलीही वापरताना दूषित होते, कारण तिचे टोक नाकाच्या आतील भागाला लागते. एकच बाटली घरातल्या सर्वांनी वापरण्याची सवय या कारणाने वाईट.

रासायनिक अपायही सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेर राहतो. २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सर्दीवरील जस्तयुक्त नाकातील जेल व फुरेऱ्या वापरू नयेत असा इशारा दिला. त्यांच्या वापरानंतर वास येणे बंद झाल्याच्या शंभराहून अधिक तक्रारी आल्या होत्या. ऑक्सिमेटाझोलिन काही दिवसांहून अधिक काळ वापरल्यास औषधाचा अंमल उतरताच नाक पूर्वीपेक्षा जास्त चोंदते आणि माणूस बाटलीवर अवलंबून राहू लागतो. अमेरिकेत बाटलीवर तीन दिवसांची मर्यादा छापलेली असते. त्या द्रावणाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली अगदी नितळ दिसतो.

उद्योगातील वापर

औषध उद्योगात सूक्ष्मदर्शकाचे काम जंतू शोधण्याचे नसून निलंबनावर नजर ठेवण्याचे असते. अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत मोठे कण, कणांचे गोळे होणे, त्यांच्या आकारात बदल आणि स्फटिकांची वाढ या गोष्टी सूक्ष्मदर्शकाने तपासाव्यात असे म्हटले आहे. साठवणीत तापमान खालीवर झाले की लहान स्फटिक किंचित विरघळतात आणि ते द्रव्य मोठ्या स्फटिकांवर बसते. औषधाचे एकूण प्रमाण तेवढेच राहते, पण मोठे कण सावकाश विरघळतात आणि त्याआधीच नाकातील श्लेष्म्याबरोबर घशाकडे वाहून जाऊ शकतात. फवाऱ्याच्या थेंबांचे आकारमान मात्र लेसर विवर्तनाने मोजतात. १० मायक्रोमीटरपेक्षा लहान थेंब नाकात न थांबता फुप्फुसापर्यंत पोहोचू शकतात, म्हणून त्यांचे प्रमाण कमी राहील याकडे लक्ष दिले जाते.

औषधाचा कण आणि सेल्युलोजचा कण वेगळे ओळखण्याचा प्रश्न रामन वर्णपटमापनाने सुटला. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात शोधलेल्या परिणामावर ही पद्धत आधारलेली आहे. सूक्ष्मदर्शकाने प्रथम प्रत्येक कणाचा आकार नोंदवायचा आणि मग त्याच कणावर लेसर किरण टाकून विखुरलेल्या प्रकाशाचा वर्णपट घ्यायचा, अशी तिची रीत आहे. वर्णपटावरून कण कोणत्या पदार्थाचा हे ठरते आणि केवळ औषधाच्या कणांचे आकारमान वेगळे काढता येते. मोमेटासोनच्या फवाऱ्याच्या पहिल्या जेनेरिक आवृत्तीस अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा या पद्धतीने मिळवलेली माहिती पुराव्यात होती आणि मूळ औषधाशी तुलना करणाऱ्या रुग्णचाचणीच्या जागी तिचा आधार घेतला गेला.

नाकाच्या अस्तरावरील परिणाम

सूक्ष्मदर्शकाचा याहून निराळा उपयोग फवाऱ्याऐवजी नाकाच्या पेशी पाहण्यासाठी होतो. नाकाच्या अस्तरावरील सूक्ष्म रोमक सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा हलतात आणि श्लेष्मा घशाकडे ढकलतात. नाकातून अलगद खरवडलेल्या पेशी द्रवात जिवंत ठेवून वेगवान कॅमेऱ्याने रोमकांची ही गती मोजता येते. अशा प्रयोगांत बेन्झाल्कोनियम क्लोराइडमुळे ती मंदावते किंवा थांबते असे आढळले आहे. प्रत्यक्ष माणसांवरील अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकमुखी नाहीत, कारण नाकात श्लेष्मा औषधाला लगेच पातळ करतो आणि वाहून नेतो. काचपट्टीवरच्या पेशीला ते संरक्षण नसते. परिरक्षकविरहित फवारे अनेक देशांत मिळू लागले आहेत. त्यांच्या बाटलीत बाहेरची हवा गाळून घेणारा किंवा मुळीच आत न घेणारा पंप बसवलेला असतो.